मूळ म्हणून विकले गेलेले नकली रेझिन कॉकपिट

विमानांची छोटी मॉडेल बनवण्याच्या प्लॅस्टिक किटमध्ये रेझिनचे, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या द्रव्याचे, कॉकपिट बसवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि तरीही गेल्या वर्षी एका विक्रेत्याने मूळ उत्पादकाचा संच असे सांगून मला त्या संचाची नक्कल विकली. पैसे गेले याचे दुःख आहेच, पण त्याहून मोठे नुकसान असे झाले की तो संच बसवण्यासाठी मी किटच्या फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, भिंती आतून तासून घेतल्या होत्या, आणि तासलेले प्लॅस्टिक परत येत नाही. ही फसवणूक ओळखण्याच्या जवळजवळ सगळ्या खुणा पाकीट उघडले त्या दिवशीच माझ्या समोर होत्या. त्या वाचता आल्या असत्या तर निदान किट तरी वाचले असते, म्हणून घडलेला प्रकार सविस्तर लिहीत आहे.

किट होते १/४८ स्केलमधल्या, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढ्या, स्पिटफायर मार्क ९ या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचे. बाहेरून ते उत्तम होते, परंतु त्यातले कॉकपिट अगदीच साधे होते: एक सपाट तळ, त्यावर आसन, आणि बाजूच्या भिंतींवर उथळसा उठाव. खऱ्या स्पिटफायरच्या कॉकपिटला असा सपाट तळ नसतोच. वैमानिकाच्या टाचांखाली दोन अरुंद पट्ट्या असतात आणि त्यांच्या आजूबाजूने थेट फ्यूजलाजच्या पोटापर्यंत नजर जाते. शिवाय डाव्या बाजूला खालच्या अंगाने उघडणारे छोटे दार आहे. कॅनॉपी, म्हणजे वरचे पारदर्शक झाकण, मागे सरकवून आणि ते दार उघडे ठेवून मॉडेल मांडायचे ठरवले, की आतले काहीच लपत नाही. म्हणून मला एका विशिष्ट उत्पादकाचा रेझिन संच हवा होता. त्यात दोन्ही बाजूंच्या भिंती, आसन, आसनामागची वजन कमी करण्यासाठी गोल भोके पाडलेली चौकट, पेडल, गोल कड्यासारखी मूठ असलेली नियंत्रण-दांडी, आणि त्याखेरीज फोटो-एचचा, म्हणजे बारीक भाग कोरून काढलेल्या पातळ धातूचा, एक छोटा पत्रा होता. त्या पत्र्यात सटन हार्नेसचे, म्हणजे वैमानिकाला आसनाला बांधणारे, पट्टे आणि इन्स्ट्रुमेंट पॅनेल होते, आणि पॅनेलच्या मागे लावण्यासाठी डायल छापलेली पारदर्शक फिल्म सोबत मिळत असे.

उत्पादकाकडचा साठा संपला होता आणि पुढची खेप कधी येईल ते सांगता येत नव्हते. जुनी किटे आणि सुटे संच विकणाऱ्या एका विक्रेत्याकडे तो संच असल्याचे मला कळले. किंमत मूळ किमतीच्या सुमारे दोन तृतीयांश होती. या कामात जुना साठा स्वस्तात निघतो, त्यामुळे तेवढ्यावरून संशय येण्याचे कारण नव्हते. त्याने दाखवलेली छायाचित्रे मात्र उत्पादकाने प्रसिद्ध केलेलीच होती, आणि प्रत्यक्ष वस्तूचे छायाचित्र मागितल्यावर त्याने बंद पाकिटाचे एक धूसर चित्र पाठवले, ज्यात आतले भाग जेमतेम दिसत होते. पाकिटावरचे छापील कार्ड फाटल्यामुळे काढून टाकले आहे, असे त्याचे म्हणणे होते. पैसे पाठवताना त्याने मला ओळखीच्या व्यक्तीला पैसे पाठवण्याचा पर्याय वापरायला सांगितले, कारण त्यात त्याचे शुल्क वाचते. त्या पर्यायात खरेदीदाराला कोणतेही संरक्षण नसते. मला हे ठाऊक होते, आणि तरीही त्याची अडचण खरी मानून मी त्याच मार्गाने पैसे पाठवले.

संच आला तो साध्या झिप पाकिटात. सूचनांचा कागद झेरॉक्सची झेरॉक्स असावी इतका पुसट होता. फोटो-एचचा पत्रा नव्हता. त्याऐवजी कागदावर छापलेल्या डायल होत्या, आणि आसनावर रेझिनचेच जाड पट्टे ओतलेले होते. मी विचारल्यावर विक्रेत्याने उत्तर दिले, की ही संचाची पहिली आवृत्ती आहे आणि त्या आवृत्तीत फोटो-एच नव्हते. हे उत्तर मी तपासायला हवे होते, कारण सगळ्यात स्पष्ट खूण हीच आहे. सिलिकॉनचा साचा आणि दोन बाटल्या रेझिन एवढ्या सामग्रीवर कोणालाही घरी रेझिनच्या भागाची नक्कल करता येते. आम्लाने कोरलेल्या पितळी पत्र्याची किंवा पारदर्शक फिल्मची नक्कल तशी होत नाही. म्हणून ज्या संचात मुळात धातूचा पत्रा असतो त्यातून नेमका तोच गायब असेल, तर उरलेला संच कोणत्या साच्यातून आला हे विचारलेच पाहिजे.

नक्कल कशी होते हे समजले की पुढच्या खुणा आपोआप दिसू लागतात. उत्पादक प्रथम एक मास्टर, म्हणजे ज्यावरून साचा करायचा तो मूळ नमुना, हाताने घडवतो किंवा संगणकावर रचून छापून घेतो. त्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा करतात आणि त्या साच्यात दोन घटकांचे पॉलियुरेथेन रेझिन ओततात. चांगला कारागीर सिलिकॉनमधली हवा निर्वात पात्रात काढून टाकतो आणि रेझिन दाबाच्या भांड्यात घट्ट होऊ देतो, त्यामुळे त्याच्या भागांत बुडबुडे जवळजवळ नसतात. साचा काही डझन ओतणींनंतर झिजतो, मग मास्टरवरून नवा साचा करावा लागतो. नक्कल करणाऱ्याकडे मास्टर नसतो. तो विकत घेतलेला एक संच मास्टर म्हणून वापरतो, आणि इथेच दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे आकसणे. रेझिन घट्ट होताना थोडे आकसते आणि सिलिकॉनही आकसते. त्यातही कथिलाच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारे स्वस्त सिलिकॉन प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणाऱ्यापेक्षा अधिक आकसते. मूळ उत्पादक हा आकस किट समोर ठेवून मास्टरमध्येच जमेस धरतो. नक्कल मात्र आधीच एकदा आकसलेल्या भागावरून होत असल्यामुळे तो आकस दुसऱ्यांदा पदरी येतो. दुसरी गोष्ट बुडबुड्यांची. सिलिकॉनमधली हवा मास्टरच्या पृष्ठभागाला चिकटून राहिली तर साच्यात खळगा होतो, आणि त्या खळग्यात रेझिन भरून ओतलेल्या भागावर बारीक गोल मणी उमटतात. रेझिनमधली हवा अडकली तर उलट होते, भागातच छिद्रे पडतात. एखादे छिद्र मूळ संचातही सापडते. मणी आणि छिद्रे दोन्ही भरपूर असतील, तर साचा आणि ओतकाम दोन्ही घाईचे आहेत असे समजायला हरकत नाही.

माझ्या हाती आलेल्या भागांवर हे सगळे होते. आसनामागच्या चौकटीतली गोल भोके रेझिनच्या पापुद्र्याने बुजलेली होती. नियंत्रण-दांडीच्या कड्याचा एक पाव भाग भरलाच नव्हता. डाव्या भिंतीवरच्या थ्रॉटलच्या खाली मण्यांची रांग होती. भाग ज्या ठोकळ्यावर ओतलेले असतात त्या ठोकळ्यावर मूळ संचात क्रमांक कोरलेले असतात. येथे त्या जागी घासल्याच्या रेघा होत्या, आणि त्या रेघाही रेझिनमध्ये ओतूनच आलेल्या होत्या, म्हणजे घासकाम साचा करण्यापूर्वीचे होते. मी हे पाहिले, आणि ओतकामाचा दर्जा खालावला आहे एवढाच निष्कर्ष काढला. हौशी माणूस खराब भागाकडेही तो दुरुस्त कसा करता येईल याच नजरेने पाहतो, आणि माझेही तेच झाले. भोके मोकळी करता येतील, कडे तारेचे करता येईल, मणी ब्लेडने उडवता येतील, अशी मनाची तयारी करून मी काम सुरू केले.

भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, ठोकळ्यापासून बारीक करवतीने कापून घेतले. रेझिनची धूळ श्वासावाटे आत जाऊ देऊ नये, म्हणून हे काम मी नेहमी मास्क लावून आणि पाण्याखाली घासूनच करतो. त्यानंतर फ्यूजलाजच्या दोन्ही अर्ध्यांच्या आतल्या भिंती तासायला घेतल्या. हे टाळता येत नाही. किटचे प्लॅस्टिक मिलिमीटरभर जाड असते, म्हणजे खऱ्या विमानाच्या हिशोबात ४८ मिलिमीटर, आणि खरा पत्रा मात्र मिलिमीटरच्या आसपास असतो. रेझिनच्या भिंतीला जागा हवी असेल तर किटची भिंत पातळ करावीच लागते. माझ्या किटची १.२ मिलिमीटरची भिंत मी सूचनांप्रमाणे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आणली. दाराच्या खालच्या बाजूला तर प्रकाश आरपार दिसू लागला. दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

मग भाग चिकटवण्यापूर्वी नुसते जुळवून पाहिले, आणि बाजूची भिंत पुढच्या चौकटीपर्यंत पोहोचलीच नाही. मागच्या बाजूला लावून ठेवली तर पुढे फट, पुढे सरकवली तर मागे फट. आसनामागची चौकटही दोन्ही बाजूंना सैल होती. याच छंदातल्या एका स्नेह्यांकडे त्याच उत्पादकाचा न उघडलेला संच होता. माझ्यासाठी त्यांनी तो उघडला, आणि आम्ही व्हर्नियर कॅलिपरने दोन्ही भिंती मोजल्या. मूळ भिंत ३८.२ मिलिमीटर होती, माझी ३७.६. हा ०.६ मिलिमीटरचा फरक खऱ्या विमानात जवळजवळ २९ मिलिमीटर होतो. दोन्ही भाग शेजारी ठेवल्यावर मोजण्याचीही गरज राहिली नाही. मूळ भागावर ट्रिमच्या, म्हणजे विमानाचा तोल साधण्याच्या, चाकाच्या आऱ्या वेगळ्या दिसत होत्या, माझ्या भागावर ते चाक म्हणजे एक गुळगुळीत चकती होती.

याच सुमारास आणखी एक दोष लक्षात आला. आसनावर चढवलेला प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मास्किंग टेपबरोबर सोलून निघाला. पुन्हा धुतले, पुन्हा रंगवले, तरी तेच. बोट लावले तर रेझिन किंचित चिकट लागत होते. दोन घटकांचे प्रमाण चुकले की रेझिन पुरते घट्ट होत नाही, आणि त्यावर नंतर कोणताही उपाय चालत नाही.

विक्रेत्याला मी मोजमापे आणि दोन्ही भागांची शेजारी-शेजारी छायाचित्रे पाठवली. पहिले उत्तर आले की रेझिनमध्ये बुडबुडे असतातच. दुसरे, की भाग गरम पाण्यात बुडवून थोडे ओढले तर जुळतील. वाकलेला रेझिनचा भाग गरम पाण्यात सरळ होतो हे खरे आहे, पण तो लांब होत नाही, आणि रेझिन विकणाऱ्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. तिसरे आणि शेवटचे उत्तर असे, की भाग ठोकळ्यापासून कापल्यामुळे संच वापरलेला झाला आहे, आता तो परत घेता येणार नाही. त्यानंतर उत्तरे बंद झाली. पैसे ज्या मार्गाने पाठवले होते त्यात तक्रारीला जागाच नव्हती.

मी मूळ उत्पादकालाही लिहिले. ही दोन माणसांची छोटी कार्यशाळा आहे. त्यांनी माझी छायाचित्रे पाहून ही नक्कल त्यांच्या कोणत्या खेपेवरून केलेली आहे तेही सांगितले: सुरुवातीच्या खेपांत उजव्या भिंतीच्या वरच्या कडेला एक बारीक टवका होता, नंतर मास्टर दुरुस्त करून तो काढला होता, आणि माझ्या नकली भागावर तो टवका जसाच्या तसा होता. त्या पहिल्या खेपांतही फोटो-एचचा पत्रा होता, हेही त्यांच्याकडूनच कळले. एका मास्टरवर त्यांचे कित्येक आठवडे जातात. कोणीतरी एक संच विकत घेऊन त्यावरून विक्री करतो तेव्हा पुढचा मास्टर घडवण्याचे त्यांचे बळच कमी होते, आणि मला स्वतःच्या पैशांपेक्षा याची चीड अधिक आली.

तेव्हापासून कोणाकडूनही सुटा संच घेताना मी त्याच्याकडून ठोकळ्यावरच्या क्रमांकांचे, फोटो-एचच्या पत्र्याचे आणि एखाद्या लांब भागाशेजारी पट्टी ठेवून काढलेले छायाचित्र मागतो. ज्याच्याकडे खरा संच आहे त्याला ही तीन चित्रे काढायला पाच मिनिटे लागतात. संच हातात आल्यावर सर्वात लांब भाग किटच्या न तासलेल्या फ्यूजलाजवर बाहेरून धरून पाहतो. त्याची लांबी कॉकपिटच्या पुढच्या आणि मागच्या चौकटींच्या जागांशी जुळते की नाही, हे एकही भाग न कापता कळते. जाडी आणि वाक यांचा प्रश्न नंतरचा, कारण ते घासून आणि गरम करून जुळवता येतात. लांबी येत नाही. हल्ली थ्रीडी छपाई केलेली कॉकपिटेही मूळ म्हणून मिळतात आणि त्यांतही स्कॅन करून केलेल्या नकला आहेत. तिथे मणी आणि छिद्रे सापडत नाहीत, पण डायलच्या कडा बोथट झालेल्या दिसतात आणि तिरप्या पृष्ठभागांवर थरांच्या पायऱ्या उमटतात.

उत्पादकाची नवी खेप आल्यावर मी मूळ संच त्यांच्याकडूनच घेतला. तासलेल्या फ्यूजलाजच्या दाराखालच्या भागाला आतून ०.२५ मिलिमीटरच्या प्लॅस्टिक शीटचे अस्तर लावून तो पुन्हा उभा केला, पण नकली भिंत बसवण्याच्या प्रयत्नात मी दाबल्यामुळे कडेवर आलेला लहानसा खळगा पुटीने भरूनही रंगाखाली अजून दिसतो. नकली संचाची जाहिरात विक्रेत्याने काही दिवस काढून टाकली होती. आता ती पुन्हा लागली आहे, त्याच उत्पादकाच्या छायाचित्रांसह, आणि कार्ड फाटल्याच्या त्याच खुलाशासह.