हिशेब घेऊन मोकळं व्हायचं, की अर्ज टाकायचा?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या टाइम ऑफिसात मी बरीच वर्षं मस्टर लिहिलं. माणूस काढायचा म्हटलं की कागद माझ्याच टेबलावरून जायचा. समोर कन्नडमध्ये टाइप केलेला मजकूर, कोपऱ्यात रेव्हेन्यू स्टँप आणि सहीच्या जागी पेन्सिलीची फुली. आमच्या वडगाव-शहापूरकडची पोरं कन्नड फाडफाड बोलतात, पण वाचायची वेळ आली की गप्प. कागदात ‘राजीनामे’ आणि ‘स्वइच्छेयिंद’ हे दोन शब्द शोधा. पहिल्याचा अर्थ सांगायलाच नको. दुसरा म्हणजे ‘स्वखुशीने’. तिथं सही झाली की तुम्हाला काढलेलं नाही, तुम्ही सोडून गेलात. मग कपातीची, म्हणजे माणसं कमी करताना मालकानं द्यायची भरपाई नाही आणि भांडायलाही फारसं काही उरत नाही.

सही न करता बाहेर पडलात असं धरून आता दोन्ही वाटा बघू.

हिशेब घ्यायचा तर पूर्ण घ्या. समजा बेसिक-डीए मिळून १५,६०० आणि नोकरी आठ वर्षं. दोष नसताना कपातीत काढलं, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, म्हणजे १५,६००. वर्षाला १५ दिवसांप्रमाणे कपातीची भरपाई ६२,४००. ग्रॅच्युइटी वेगळी: हिशेब तसाच, फक्त तिला महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणून ७२,०००. एकूण दीड लाख. शिल्लक रजा, बोनस आणि पीएफ यात धरलेलंच नाही. ‘सत्तर हजार देतो, विषय संपव’ असं शेठ म्हणाला, की बहुतेक वेळा तो तुमचीच ग्रॅच्युइटी तुम्हाला भरपाई म्हणून दाखवत असतो. हा खेळ मी डोळ्यांनी बघितलाय. आणि उरलेला पगार? वेतन संहितेप्रमाणे तो नोकरी सुटल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत मिळायला हवा.

भरपाईला एक अट आहे: वर्षात २४० दिवस भरलेले हवेत. म्हणून तर मस्टरवर मध्येच ‘ब्रेक’ पडतो आणि तोच माणूस आठवड्यानं नव्या नंबरवर परत येतो. जुनी गेटपास, पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक, शिफ्ट लावल्याचे व्हॉट्सअॅप मेसेज, काहीही फेकू नका, भरलेले दिवस त्यातूनच दाखवता येतात.

आता भांडायचं तर कुठं?

दुकान, शोरूम, हॉटेल किंवा खासगी ऑफिसात असाल तर कर्नाटकचा १९६१ चा दुकाने आणि व्यापारी आस्थापना कायदा बघा. त्याच्या कलम ३९ प्रमाणे सहा महिने सलग काम केलेल्याला योग्य कारणाशिवाय आणि महिन्याच्या नोटिशीशिवाय काढता येत नाही. गैरवर्तनाचा आरोप असेल तर आधी चौकशी व्हायला हवी. यावर अपील करता येतं. इथं २४० दिवसांचा हिशेब नाही, म्हणून रविवार पेठेतल्या सेल्समनला ही वाट सोपी. फक्त रेंगाळू नका, त्याच आठवड्यात हला. मॅनेजमेंटच्या खुर्चीवरच्या माणसाला मात्र हा कायदा लागत नाही.

कारखान्यातल्या कामगाराची वाट वेगळी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. आधी कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्याकडे अर्ज टाकायचा. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर स्वतः न्यायाधिकरणात जाता येतं. पूर्वी यासाठी तीन वर्षांची मुदत होती, आता दोनच. सुपरवायझर असाल आणि पगार १८,००० च्या वर असेल, तर तुम्ही ‘कामगार’ धरले जात नाही. अर्थात पाटीवर सुपरवायझर आणि दिवसभर स्वतः साचा भरतोय, अशांनी पाटीला घाबरू नये. खरं काम काय ते बघितलं जातं. समेटाच्या टेबलावर वकील चालत नाही, युनियनचा माणूस चालतो. माझ्या मते गरिबाला हीच पायरी सगळ्यात कामाची: खर्च जवळपास नाही, आणि मालकाला नोटीस गेली की निम्म्या प्रकरणांत तरी आकडा वाढतो.

त्याच्या पुढं गेलात तर मात्र वर्षं जातात. निकाल बाजूनं लागला तरी नोकरी परत मिळेलच असं नाही. कोर्ट बरेचदा एकरकमी भरपाई देतं, रोजंदारीवाल्याला तर जास्तच. दिवाणी कोर्टात जाऊन ‘कामावर घ्या’ असा हुकूम खासगी मालकावर सहसा मिळत नाही, म्हणून तिकडं पैसे घालवू नका.

मी काय करेन? दोन-तीन वर्षांची नोकरी, दुसरीकडं काम तयार आणि हिशेब पुरा, तर घेईन आणि जाईन. पण चोरीचा नाहीतर मारामारीचा ठपका ठेवून काढलं असेल, तर पैसे कितीही दाखवले तरी अर्ज टाकेन. उद्यमबाग लहान आहे, पुढच्या गेटवर विचारतात.

राहायला बेळगावात आणि कामाला शिनोळीला अशी पोरं बरीच आहेत. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. घर कुठल्या राज्यात ते इथं बघत नाहीत, गेट कुठल्या राज्यात ते बघतात. तेव्हा वर सांगितलेलं कलम ३९ त्यांच्या कामाचं नाही, आणि अर्जही बेळगावात देऊन उपयोग नाही. तिथला कागद निदान मराठीत असतो. सही करण्याआधी तोही वाचा.