घरगुती मेमरी: आठ ४१६४ दुरुस्त कराव्या, की एक ६२२५६ लावावी?

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. मे महिन्यात दुपारी टिनाखाली सोल्डरिंग करणं म्हणजे शिक्षाच, म्हणून बरंचसं काम पहाटे उरकतो. टेबलावर काकांनी मस्कतहून आणलेला १६ के झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आहे, १९८२ साली बाजारात आलेलं मॉडेल. त्याच्या मागच्या एज कनेक्टरवर (बोर्डाच्या कडेच्या धातूच्या पट्ट्यांवर) लावायची ३२ के मेमरी मी दोनदा बांधली: आधी आठ ४१६४ डीरॅम चिपांवर, ज्यांना आतला मजकूर सतत ताजा करावा लागतो, नंतर एकाच ६२२५६ एसरॅम चिपवर, जिला ते लागत नाही.

तुमची डीरॅम रुसली असेल, तर मोडायच्या आधी दोन गोष्टी बघा. त्या एसरॅमलाही तितक्याच छळतात. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज बसतं. स्पेक्ट्रमचा ९ व्होल्टचा अडॅप्टर रेग्युलेटेड नाही, आणि आतल्या ७८०५ ला, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिपला, ५ व्होल्ट द्यायला किमान ७ तरी मिळावे लागतात. ५ ची लाइन ४.७५ च्या खाली जात असेल तर मेमरीला दोष देऊ नका. दुसरं, एज कनेक्टर. वीज बंद करून पट्ट्या खोडरबरने घासा. कूलरसमोर ठेवलेल्या मशीनवर तर हमखास थर चढलेला असतो.

मग टाइप करा: प्रिंट पीक २३७३२+२५६*पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर सुरुवातीची तपासणी पास. ३२७६७ आलं तर मशीनला तुमची मेमरी दिसतच नाही. मधला आकडा आला तर तपासणी तिथे अडली.

पास झालेली डीरॅमही दगा देते. मी पहाटे पोक ४००००,१७० केलं, म्हणजे ४०००० या पत्त्यावर १७० लिहिलं; पीकने वाचलं तर १७० च दिलं. दुपारी तेच १६८. दोनचा फरक, म्हणजे डी१ ची (डी० ते डी७ या आठ डेटा तारांपैकी दुसरीची) बिट पडली. डीरॅममध्ये दर बिटला वेगळी चिप, त्यामुळे गुन्हेगार लगेच सापडतो. हे तिचं मोठं सुख. शेजारचे टीव्ही मेकॅनिक बघून म्हणाले, "मशीनले काय नाई झालं भाऊ, तिले ऊन लागलं." खरंच होतं. डीरॅमच्या पेशीतला चार्ज गरमीत लवकर गळतो, दर १० अंशांना टिकाव साधारण निम्मा होतो. कापसाचा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून त्या एका चिपवर ठेवला, परत पोक केलं, १७० आलं.

चिप बदलली, तर नवंच लचांड. लिहिल्या लिहिल्या बरोबर, चहा पिऊन येईपर्यंत अर्ध्या जागा विसरलेल्या, तेही थंड पहाटे. स्पेक्ट्रमचा प्रोसेसर झेड८० रिफ्रेशसाठी, म्हणजे डीरॅमचा चार्ज ओळीओळीने ताजा करण्यासाठी, सातच बिट मोजतो, म्हणजे १२८ ओळी. काही ४१६४ ना तेवढं पुरतं, काहींना २५६ ओळी लागतात. माझी दुसऱ्या जातीची निघाली. चिपवरचा नंबर सारखाच असतो, राजेहो, डेटाशीट उघडल्याशिवाय कळत नाही.

एसरॅममध्ये ही भानगडच नाही. ना रिफ्रेश, ना पत्ता दोन हप्त्यांत द्यायची कसरत, आणि आधीच तापणाऱ्या ७८०५ वर ओझंही कमी. तारा मात्र भरपूर: १५ पत्त्याच्या, ८ डेटाच्या. बिट पडली तर चिपपेक्षा बहुधा तुमचा सोल्डरचा टाका कच्चा असतो.

जुन्या बोर्डांतून काढलेल्या चार-पाच ४१६४ हाताशी असतील आणि रोज तीच बिट पडत असेल, तर चिप बदला, तासाभराचं काम आहे. दोष घड्याळाबरोबर किंवा उन्हाबरोबर जागा बदलत असेल, तर मी डीरॅमवर आणखी एक रविवार घालवणार नाही. ६२२५६ नवी मिळते, ४१६४ बहुतेक उतरवलेलीच.

फक्त ६२२५६ ला चिप सिलेक्ट (चिपला जागं करणारी तार) देताना ए१५, म्हणजे पत्त्याची सर्वात वरची तार, हिच्याबरोबर एमरेक, म्हणजे 'हे मेमरीचं काम आहे' सांगणारी झेड८० ची तार, घ्यायला विसरू नका. मी विसरलो होतो. कीबोर्ड वाचताना, स्पेस ते बी ही ओळ सोडली तर, ए१५ हाय (१) च असते. मग मेमरीच मध्ये उत्तर द्यायला लागली आणि कळा भलतंच काही दाखवू लागल्या. एका ७४एचसीटी०० लॉजिक चिपने ते मिटलं.