तीन जिने चढून येणारी डॉक्टर आणि वर्षाचे चोवीस हजार

महिन्याला घरी येऊन तपासणाऱ्या एका डॉक्टरबाईंची वर्षाची योजना आम्ही घेतली. आधी पैशांचं सांगते, कारण आमच्या घरात वाद त्यावरूनच झाला. सासू-सासरे दोघांचे मिळून वर्षाला २४,००० रुपये, एकरकमी, आगाऊ. त्यात डॉक्टरबाई महिन्यातून एकदा घरी येऊन दोघांना तपासणार. वर्षात तीन जादा फेऱ्या, त्यापुढच्या प्रत्येक फेरीला ९०० रुपये. सकाळी आठ ते रात्री दहा फोन किंवा व्हॉट्सअॅप. औषधं, रक्त-लघवी तपासणी, ईसीजी यांचे पैसे वेगळे. रात्री दहानंतर फोन नाही. हे शेवटचं कागदावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, आणि तरी मी पुढे त्याच्यावरूनच चिडले.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सत्तावन्न पायऱ्या; बाबांनी मोजून ठेवल्यात. बाबा म्हणजे सासरे, वय ८१, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त. आईंना शुगर आणि बीपी, वय ७६. मी फोर्टला नोकरीला, नवरा ठाण्याला. सकाळी आठनंतर घरात हे दोघंच.

बाबांचा मुद्दा एकच होता आणि तो खोडून काढता येत नव्हता. "रेल्वेचं कार्ड असताना डॉक्टर विकत कशाला घ्यायचा?" निवृत्त होताना एका महिन्याचा मूळ पगार भरून त्यांनी ती वैद्यकीय योजना घेतलेली. कल्याणच्या रेल्वे हॉस्पिटलात दोघांची तपासणी फुकट, औषधं फुकट. तिथल्या उपचारांबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त तिथपर्यंत पोचायला हवं. डोंबिवली ते कल्याण मध्ये एक ठाकुर्ली, एवढंच अंतर. पण आधी बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली न्यायचं. शेजारचा मुलगा पुढे, नवरा मागे, आणि प्रत्येक वळणावर बाबांच्या सूचना, "डावीकडे घ्या, कठड्याला लागेल." मग रिक्षा, मग केसपेपर, मग औषधांची रांग. दोघांच्या दोन रजा गेल्या की एक तपासणी व्हायची.

लग्न होऊन आले तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक डॉक्टर होते. फळीमागे कंपाउंडर, काचेच्या बाटलीला कागदाची खाचा पाडलेली पट्टी, पांढऱ्या पुड्या. सासऱ्यांना कोणती गोळी सोसत नाही हे त्यांना तोंडपाठ होतं. २०१९ मध्ये त्यांनी वयामुळे दवाखाना बंद केला. तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकतात. त्यानंतर आमच्याकडे डॉक्टर पुष्कळ झाले, गुडघ्याचे, लघवीचे, हृदयाचे, शुगरचे. पण आपला म्हणावा असा एक राहिला नाही, आणि हे आमच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

लक्षात आलं जानेवारी २०२५ मध्ये. एका संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "डबा भर, आज रात्रपाळी आहे." आधी थट्टा वाटली. मग ते पॅन्ट शोधायला लागले. जवळच्या खाजगी हॉस्पिटलात नेलं, रक्तातलं सोडियम ११९ निघालं. १३५च्या वर असायला हवं. पाच दिवस भरती, त्यातले दोन आयसीयूत, बिल ८६,०००. भरतीच्या फॉर्मवर "फॅमिली डॉक्टर" असा रकाना होता. नवऱ्याने बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि शेवटी तिथे एक आडवी रेघ मारली.

या डॉक्टरबाईंचं नाव मला ऑफिसातल्या एकीने सांगितलं. नाव इथे देत नाही, द्या असं त्यांनी मला सांगितलेलं नाही. एमबीबीएस, वय पंचेचाळिशीच्या आसपास, स्कूटरवरून येतात. त्याआधी मी इतर मार्गही बघितले. खालच्या दवाखान्यातले डॉक्टर ३०० रुपये घेतात, चांगले आहेत, पण दवाखाना सोडून जिने चढणार नाहीत, आणि संध्याकाळी त्यांच्याकडे चाळीस माणसं बसलेली असताना त्यांनी का चढावं? फोनवरून बोलावले तर घरी डॉक्टर पाठवणारे आहेत, हजारभर रुपये, पण दर वेळी नवा माणूस, आणि दर वेळी आपण पहिल्यापासून सगळी कहाणी सांगायची. सरकारची ई-संजीवनी, म्हणजे फोनवरून डॉक्टरचा सल्ला, फुकट आहे. एकदा आईंच्या खोकल्यासाठी वापरली, काम झालं. पण फोनवरच्या डॉक्टरला माणूस उभा करून त्याचा बीपी बघता येत नाही.

हे उभं करून बघणंच आमच्या बाबतीत निर्णायक ठरलं.

पहिल्या भेटीत बाईंनी नाडी बघायच्या आधी विचारलं, "औषधं कुठे ठेवता? सगळी आणा. चालू, बंद, अर्धी, सगळी." आमच्याकडे औषधं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. तीन डबे. त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर उपडे केले आणि पत्त्यांच्या खेळासारख्या पट्ट्या लावत बसल्या. एका ओळीत रेल्वे हॉस्पिटलची औषधं, दुसऱ्या ओळीत केमिस्टकडची. मग दोन पट्ट्या उचलून बाबांसमोर धरल्या. रेल्वेच्या पट्टीवर लिहिलं होतं टेल्मिसार्टन. केमिस्टच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड. म्हणजे बीपीची एकच गोळी बाबा दोन नावांनी दोनदा घेत होते. आणि त्यातलं दुसरं औषध म्हणजे तीच लघवी वाढवणारी गोळी, जिच्यामुळे म्हातारपणी सोडियम उतरू शकतं, आणि जी जानेवारीत डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट बंद केलेली होती.

मग ती परत आली कुठून? माझ्यामुळे. केमिस्टला मी दर महिन्याला व्हॉट्सअॅपवर "मागच्यासारखंच पाठवा" लिहायचे. त्याने मागच्यासारखंच पाठवलं.

नंतर त्यांनी बाबांना आडवं करून बीपी घेतला, १४८. उभं केलं, एक मिनिटाने १२६, तीन मिनिटांनी ११२. "रात्री बाथरूमला जाताना तोल जातो ना?" बाबा गप्प. दोनदा पडले होते आणि आम्हाला एकदाच सांगितलं होतं. प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन, त्यावर बीपीच्या गोळ्या दुप्पट, माणूस पलंगावरून झटकन उठला की डोळ्यांपुढे अंधारी येणारच. डबल गोळी बंद झाली. उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसायचं असं ठरलं. बाबा आता तेवढ्या वेळात घड्याळाच्या काट्याकडे बघत बसतात, लाल सिग्नलला थांबल्यासारखे. रक्त तपासलं तर सोडियम १२९ होतं. पंधरा दिवसांनी १३६.

यात अवघड शास्त्र काही नव्हतं हे मलाही कळतं. याआधीच्या कुठल्याही डॉक्टरला ते जमलं असतं. पण एकाही डॉक्टरसमोर आम्ही तिन्ही डबे एकत्र कधी नेले नव्हते, आणि नेले असते तरी चाळीस मिनिटं कुणी दिली असती असं नाही.

आता तक्रारी.

एप्रिलमध्ये रात्री दोन वाजता बाबांच्या छातीत जळजळ आणि घाम. मी बाईंना फोन केला, बंद. पुन्हा केला, बंद. मग १०८ला लावला, अॅम्ब्युलन्स आली, खुर्ची, सत्तावन्न पायऱ्या, ईसीजी. पित्त निघालं. सकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी मी बाईंना जे बोलले ते आता आठवलं की ओशाळं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छातीत दुखून घाम आला तर मी जागी असले तरी तुम्ही मला फोन करायचा नाही. थेट १०८." बरोबर होतं. पण हे त्यांनी पैसे घेतानाच तोंडाने सांगायला हवं होतं. नुसतं ठळक छापून भागत नाही. ज्यांना रात्रीचा डॉक्टर हवा म्हणून अशी योजना घ्यायची आहे, त्यांनी घेऊ नये.

दिवाळीत त्या दहा दिवस गावी होत्या. बदली डॉक्टर पाठवले. तरुण होते, सभ्य होते, पण फाइल न उघडताच आईंच्या गुडघ्यासाठी दुखण्याची जोरदार गोळी लिहून गेले. आईंचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, म्हणजे मूत्रपिंड नाजूक, तसल्या गोळ्या नकोत, असं फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनने लिहिलेलं होतं. आईंनीच बघितलं आणि गोळी आणू दिली नाही. बाई परत आल्यावर त्यांनी माफी मागितली. पण मग मी २४,००० कोणासाठी भरते, हा प्रश्न उरतोच.

तिसरं, रक्त घ्यायला येणारा मुलगा प्रत्येक वेळी "पूर्ण बॉडी पॅकेज" गळ्यात मारायला बघतो. बाईंनी लिहिल्यात तेवढ्याच तपासण्या करायच्या, असं त्याला दारातच सांगावं लागतं. बाईंनीच पाठवलेला माणूस, त्यामुळे हे खटकतं.

वर्षाचा हिशेब नवऱ्याने वहीत मांडला. एकूण १७ फेऱ्या झाल्या. बारा ठरलेल्या, तीन जादा, दोन ९००च्या. म्हणजे दिले २५,८००. सुट्या फेऱ्यांना हजार धरले तर १७,००० झाले असते. नुसत्या फेऱ्या मोजल्या तर आम्ही ८,८०० रुपयांनी बुडालो. बाबांनी ही ओळ दोनदा वाचून दाखवली. मग दुसरी बाजू, केमिस्टचं बिल महिन्याला ४,२०० होतं ते २,६०० वर आलं, कारण दुहेरी गोळ्या गेल्या आणि आईंची दोन टॉनिकं गेली. कल्याणच्या फेऱ्या तीन महिन्यांतून एकदा, त्यासुद्धा बाईंनी लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन, तेही फक्त नवरा जातो. रेल्वेकडून मिळतात ती औषधं आम्ही अजून तिथूनच आणतो, ते सोडायचं काही कारण नाही. भरती एकदाही नाही. ती बाईंमुळे टळली की नशिबाने, हे वहीत मांडता येत नाही, म्हणून नवऱ्याने तो रकाना काढलाच नाही.

कोणी विचारतं, मेडिक्लेम आहे ना? तो भरती झाल्यावर. सत्तरीपुढच्यांसाठी २०२४ मध्ये आलेलं वय वंदना कार्डही पाच लाखांचं आहे, पण तेही हॉस्पिटलात दाखल झाल्यावरच. बिछान्यावरून उठताना चक्कर का येते हे घरी येऊन बघण्याचे पैसे यातलं कुणी देत नाही. पावती मात्र नीट घ्या आणि रोख देऊ नका. आईवडील ज्येष्ठ नागरिक असतील, त्यांची आरोग्य पॉलिसी नसेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल, तर आयकरात त्यांच्या औषधोपचाराचा खर्च वर्षाला ५०,००० पर्यंत दाखवता येतो.

एक गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी गेल्या पावसाळ्यात पहाटे घरीच वारल्या. वय ९१, अंथरुणाला खिळलेल्या, सगळ्यांना माहीत होतं. पण घरी मृत्यू झाला की कारणाचा दाखला, तो नमुना ४अ, आजारपणात बघणाऱ्या डॉक्टरने द्यायचा असतो, आणि आजींना कित्येक महिन्यांत कुणी डॉक्टरने बघितलंच नव्हतं. न पाहिलेल्या रोग्याच्या कागदावर कोण सही करणार? मुलगा सकाळी अकरापर्यंत वणवण फिरत होता. नातेवाईक जिन्यात उभे. त्या संध्याकाळी बाबा चहा पिताना म्हणाले, "म्हणजे माझा शेवटचा पास ह्या मॅडम सही करणार." आई ओरडल्या, "अहो, काहीतरीच बोलू नका." पण त्यानंतर बाबांनी "डॉक्टर विकत" हा शब्द वापरला नाही. बाई यायच्या दिवशी आता ते दाढी करून बसतात.

कुणी घ्यावं याबद्दल माझं मत असं. घरात दोन म्हातारी माणसं, पाच-सहा गोळ्या प्रत्येकी, तीन-चार वेगवेगळे डॉक्टर आणि जिना, हे सगळं जमून आलेलं असेल तर घ्या. एकटा धडधाकट माणूस असेल, खाली उतरून दवाखान्यात जात असेल, तर पैसे वाया जातील. माझ्या मानेसाठी बाईंनी "तुम्हीपण नाव घाला, ८,००० मध्ये करते" असं सुचवलं होतं. मी नको म्हटलं. मी उतरू शकते.

यंदा त्यांनी दर २७,००० केला. मी दोन अटी घातल्या. बदली डॉक्टर येणार असेल तर आधी बाईंनी त्याला फोनवर दोघांची माहिती द्यायची, आणि रक्तवाल्या मुलाने पॅकेज काढायचं नाही. पहिली त्यांनी लगेच मान्य केली. दुसरीवर हसल्या आणि म्हणाल्या, "प्रयत्न करते." पैसे गेल्या सोमवारी भरले. मुलगा काल आला होता, त्याने पुन्हा पॅकेज काढलं.