व्हिएतनाम टूर ८ दिवस: हॉटेलं मस्त, जेवणाचा कंटाळा, आणि खरी मजा शेड्यूलच्या बाहेर

नाशिकच्या एका टूरवाल्यांकडून आई-पप्पांना घेऊन व्हिएतनाम करून आलो. नाव लिहीत नाही, माणसं वाईट नाहीत. नाशिकच्या द्वारका सर्कलवरून पहाटे बसमध्ये बसवलं ते परत तिथेच आणून सोडलं, व्हिसाचं सगळं त्यांनीच केलं, हॉटेलं स्वच्छ. हालाँग बे, कुची बोगदे, होई आन, सगळं दाखवलं आणि ते सगळं फोटोत दिसतं तसंच आहे, त्यावर मी वेगळं काय लिहू.

तक्रार जेवणाची. रोज दोन्ही वेळा इंडियन रेस्टॉरंट आणि पनीर. हानोईत जाऊन पनीर! कारण विचारलं तर म्हणे ग्रुपमध्ये व्हेज लोक आहेत. अहो पण तिकडे कितीतरी लोक अमावस्या-पौर्णिमेला स्वतःच शाकाहारी जेवतात, गल्लोगल्ली तसली हॉटेलं आहेत, पाटीवर 'चाय' लिहिलेलं असतं. आता गंमत बघा, पप्पांना चहाची तलफ आली म्हणून त्या पाटीकडे बोट दाखवून आत गेले आणि चाय चाय करत बसले, तर बाईंनी भात, टोफू आणि कसलीशी पालेभाजी आणून ठेवली. चाय म्हणजे तिकडे शाकाहारी. पप्पांनी गपचूप सगळं खाल्लं आणि टूरमधलं बेस्ट जेवण म्हणाले. फक्त साध्या हॉटेलात सांभाळा, तिथे भाजीतसुद्धा नुक माम, म्हणजे माशाचा सॉस टाकतात.

गाईड मात्र एक नंबर. हानोईची पोरगी, बसमध्ये चढल्या चढल्या प्रत्येकाला वय विचारायला लागली. आमच्यातल्या दोन काकू जाम वैतागल्या. मग तिने सांगितलं की त्यांच्यात वय कळल्याशिवाय समोरच्याला हाकच मारता येत नाही, मोठा असेल तर आन्ह म्हणजे दादा, ताईला ची, आणि बापापेक्षा मोठा वाटला तर बाक, म्हणजे थोरले काका. आई म्हणाली, मग आपणही रिक्षावाल्याला दादाच म्हणतो की. पण ते लोक पुढे जातात, ती माझ्याशी बोलताना स्वतःलाही 'मी' न म्हणता 'एम' म्हणायची, म्हणजे धाकटी. हे ऐकल्यावर काकूंनी वय सांगितलं, बहुतेक पाचेक वर्षं कमी करून.

तिसऱ्या दिवशी रेशमाच्या दुकानात दोन तास बसवलं (कमिशन, दुसरं काय), तेव्हा आम्ही तिघं मागच्या गल्लीत सटकलो. एका छोट्या दुकानात दारासमोर जमिनीवरच लाल देव्हारा, आत दोन मूर्ती, एक धनाचा देव आणि एक भूमीचा. पुढे उदबत्ती, केळी, आणि चक्क कॉफीचा कप! आईला देव जमिनीवर ठेवलेला अजिबात पटलं नाही. नंतर गाईडने सांगितलं की दुकानाचे ते दोघं खालीच दाराकडे तोंड करून बसतात, पूर्वजांचा देव्हारा वेगळा, तो घरात उंचावर, फोटो लावून. माणूस गेलेल्या तिथीला त्याच्या आवडीचं रांधून आधी तिथे ठेवायचं मग सगळं गणगोत जेवायला. आई म्हणाली, अगं हे तर श्राद्धच. आपण रामकुंडावर पिंड ठेवतो, ते कागदी नोटा जाळतात, आता तर कागदी मोबाईलसुद्धा, वरच्यांना कमी पडू नये म्हणून.

आणि कॉफी. फुटपाथवर बालवाडीतल्यासारखी प्लास्टिकची बुटकी स्टुलं, पप्पांचे गुडघे कानाला लागलेले. ग्लासवर पत्र्याची छोटी गाळणी ठेवतात, तिला फिन म्हणतात, थेंब थेंब पडायला चार-पाच मिनिटं सहज जातात आणि तोवर कुणालाही कसली घाई नसते. खाली घट्ट मिल्कमेड. फ्रेंचांच्या काळात ताजं दूध मिळायचं नाही, तेव्हापासूनची सवय. अंड्याची कॉफीसुद्धा तशीच, १९४६ साली हानोईत दुधाची टंचाई होती म्हणून एकाने अंड्याचा बलक फेटून घातला. मी प्यायलो, आईला सांगितलं नाही.

रस्ता ओलांडताना थांबायचं नाही, हळूहळू चालत राहायचं, स्कूटरी आपोआप बाजूने जातात. द्वारका सर्कलला सराव झालेल्यांना काही वाटणार नाही.

बुकिंग करताना शॉपिंगचे स्टॉप किती आणि मोकळी सकाळ किती हे आधी लिहून घ्या. माझ्याकडून पाचपैकी तीन स्टार, त्यातले दोन गाईडचे आहेत, टूरवाल्यांनी स्वतःचे समजू नयेत.