फ्रीबीएसडी १५: बेस जुन्या संचातून घ्यावी की पॅकेजमधून?

फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम. तिची १५ वी आवृत्ती टाकायला घेतली की इन्स्टॉलर सुरुवातीलाच विचारतो: बेस सिस्टिम, म्हणजे कर्नल आणि मूळ प्रोग्राम, नेहमीच्या डिस्ट्रिब्युशन सेटमधून (मोठ्या तयार गठ्ठ्यांतून) टाकायची की पॅकेजमधून (पीकेजीबेस)? डिसेंबर २०२५ मध्ये १५.० आली तेव्हा पॅकेजच्या पर्यायापुढे ‘टेक प्रिव्ह्यू’ अशी पाटी होती. तेवढ्या पाटीनेच बरेच जण मागे फिरले असावेत. ओपनएसएसएल ३.५ (एन्क्रिप्शनची लायब्ररी), ओपनझेडएफएस २.४ (झेडएफएस ही फाइल सिस्टिम), ३२ बिटी एक्स८६ ला निरोप, हे सगळं दोन्ही वाटांनी सारखंच मिळतं. फरक पडतो तो पुढची काही वर्षं अपग्रेड करताना. १५ ची शाखा डिसेंबर २०२९ अखेरपर्यंत चालणार आहे. तोवर सेटमधून टाकलेली बेस फ्रीबीएसडी-अपडेट या आदेशाने अपग्रेड करायची जुनी वाट आहेच, पण १६ मध्ये ती काढून टाकायची असं प्रकल्पाने सांगून ठेवलं आहे.

जुनी वाट हातात बसलेली आहे, हे खरं. मोठ्या आवृत्तीवर जायचं तर आधी ‘अपग्रेड’, मग ‘इन्स्टॉल’ म्हणजे कर्नल, रीबूट, परत ‘इन्स्टॉल’ म्हणजे युजरलँड (कर्नलबाहेरचे प्रोग्राम), मग सगळी पॅकेजं सक्तीने नव्याने, आणि शेवटी तिसऱ्यांदा ‘इन्स्टॉल’ म्हणजे जुन्या लायब्ररींची सफाई. हे सव्यापसव्य एकदा अंगवळणी पडलं की त्रास होत नाही. हजारो छोटे पॅच एकेक करून उतरतात, जुन्या डिस्कवर वेळ लागतो, तेही सोसता येतं.

सोसवत नाही ते ईटीसीचं, म्हणजे कॉन्फिगच्या फोल्डरमधल्या फाइलींचं, मर्जिंग.

आपण बदललेली फाइल आणि नव्या आवृत्तीतली फाइल आपोआप जुळली नाही, की फ्रीबीएसडी-अपडेट ती थेट व्हीआय या एडिटरमध्ये उघडून देतं. आत सात ‘<’ आणि सात ‘>’ यांच्या मध्ये दोन्ही बाजूंचा मजकूर. आपण निवडायचं, खुणा पुसायच्या, सेव्ह करायचं. पुढे प्रत्येक फाइलचा फरक दाखवून विचारतं, हे ठीक दिसतंय का? इथेच गोम आहे. ‘नाही’ म्हटलं तर ती फाइल पुन्हा दुरुस्तीला मिळत नाही, अख्खं अपग्रेड तिथेच थांबतं आणि आदेश पहिल्यापासून द्यावा लागतो. म्हणून माणूस ‘हो, हो’ करत सुटतो. खुणा खरंच पुसल्या का, हे कोणी तपासत नाही. लांबून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये एक ‘<<<<<<<’ राहून गेलं की रीबूटनंतर एसएसएचडी उठत नाही आणि लांबच्या सर्व्हरचं दार बंद. मास्टर-पासवर्ड फाइलमध्ये राहिलं तर पासवर्डचा डेटाबेसच बनत नाही. १४ च्या आधी तर प्रत्येक फाइलच्या डोक्यावर आवृत्तीची एक खूण असायची, आणि नुसती ती बदलली म्हणूनही हा प्रश्नोत्तराचा तास व्हायचा. ती खूण १४ मध्ये गेली, पण मूळ पद्धत तीच राहिली. जुन्याच वाटेने जाणार असाल तर प्रत्येक रीबूटआधी ‘एसएसएचडी -टी’ चालवून कॉन्फिग तपासा आणि ईटीसीमध्ये त्या सात खुणांसाठी ग्रेप मारा, म्हणजे शोध घ्या.

पॅकेजच्या वाटेत, म्हणजे पीकेजीबेसमध्ये, हे काम पीकेजी हा पॅकेज मॅनेजर करतो. मूळ कॉन्फिग कसं होतं ते त्याच्या डेटाबेसमध्ये असतं, त्यामुळे जुनं मूळ, नवं मूळ आणि तुमचं, अशी तिन्ही समोर ठेवून मर्ज होतं. नाही जमलं तर तुमची फाइल जशीच्या तशी राहते आणि नवी ‘.पीकेजीन्यू’ शेपटीने शेजारी पडते. सर्व्हर उठतो, एसएसएच चालतं, फरक उद्या सकाळी चहा घेत बघा. माझ्या लेखी एवढ्यावरच तराजू झुकला.

बाकीचे फायदे त्यामानाने किरकोळ. जेलसाठी (एकाच मशीनवरच्या वेगळ्या कप्प्यासाठी) किंवा लहान व्हर्च्युअल मशीनसाठी ‘मिनिमल’ संच घेतला की कंपायलर, हेडर, टेस्ट काहीच येत नाही. पोर्ट्स, म्हणजे बाहेरचे प्रोग्राम, सोर्समधून स्वतः बांधायचे असतील तर मात्र ‘डेव्हल’ संच आठवणीने घ्या. स्वतःचं कर्नल वापरणाऱ्यांना फ्रीबीएसडी-अपडेटचा उपयोग अर्धाच होता, कर्नल पुन्हा स्वतःच बांधावं लागायचं. सोर्समधून ‘मेक पॅकेजेस’ केलं की आता त्यांना आपली रिपॉझिटरी (पॅकेजांचं कोठार) सगळ्या मशीनना पुरवता येते.

खोटही आहे, आणि ती लहान नाही. नुसतं ‘पीकेजी अपग्रेड’ म्हटलं तरी आता बेसही हलू शकते. फक्त बेस हवी तर रिपॉझिटरीचं नाव देऊन, म्हणजे ‘-आर फ्रीबीएसडी-बेस’ असं चालवा. सगळी पॅकेजं एका फटक्यात सक्तीने उडवायची जुनी सवय तर सोडाच. महत्त्वाच्या पॅकेजांना संरक्षण आहे, पण डिलीटआधी ‘-एन’ लावून, म्हणजे प्रत्यक्ष काही न उडवता, यादी वाचायला काहीच खर्च येत नाही. आणि एकच डेटाबेस म्हणजे एकच दुखणं: तो बिघडला तर बेसचाही हिशेब गेला. व्हार-बॅकअप्समध्ये रोज पडणारी पीकेजीची प्रत दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या.

झेडएफएस असेल तर अपग्रेडआधी ‘बीईसीटीएल क्रिएट’ करून सिस्टिमची परत बूट करता येईल अशी प्रत (बूट एन्व्हायर्न्मेंट) ठेवावी. बिघडलं तर लोडरच्या मेन्यूतून जुनं बूट एन्व्हायर्न्मेंट निवडलं की झालं. यूएफएस या जुन्या फाइल सिस्टिमवाल्यांना ही सोय नाही, आणि फ्रीबीएसडी-अपडेटचं ‘रोलबॅक’ त्यांना खरंच उपयोगी आहे. यूएफएसवर चालणारं, नीट बसलेलं १४ असेल तर मी घाई करणार नाही. १४ ला नोव्हेंबर २०२८ पर्यंत आधार आहे.

१४ वरून यायचं तर आधी फ्रीबीएसडी-अपडेटनेच १५ वर या, मग बेसचं पॅकेजांमध्ये रूपांतर करणारी ‘पीकेजीबेसिफाय’ ही स्क्रिप्ट चालवा. नंतर एसएसएचडी कॉन्फिग, मास्टर-पासवर्ड, ग्रुप, सिसकंट्रोल आणि होस्ट्स या पाच फाइली डोळ्यांनी बघा. एकदा रूपांतर झालं की फ्रीबीएसडी-अपडेट त्या मशीनवर चालायला नकार देतं, तेव्हा क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, त्याची ओळ असेल तर काढा.

आणखी एक जागा जिथे हमखास अडखळायला होतं: १५ मध्ये पोर्ट्सच्या रिपॉझिटरीचं नाव नुसतं ‘फ्रीबीएसडी’ न राहता ‘फ्रीबीएसडी-पोर्ट्स’ झालं आहे. यूएसआर-लोकलमध्ये ‘लेटेस्ट’ (सतत ताज्या पॅकेजांच्या) शाखेसाठी ठेवलेली तुमची जुनी फाइल जुन्याच नावाची असते. नाव बदलेपर्यंत मूळ रिपॉझिटरीवर तिचा काही परिणाम होत नाही, आणि पॅकेजं तिमाही शाखेतूनच येत राहतात.

कुठलीही वाट घ्या, ईएफआय पार्टिशनवरचा (मशीन जिथून बूट होतं त्या भागातला) लोडर आपोआप बदलेल या भरवशावर राहू नका. बूटमधला ‘लोडर.ईएफआय’ हाताने तिथे कॉपी करा. झेडएफएसचा पूल (डिस्कचा साठा) नव्या फीचरांवर नेणं त्यानंतर, आणि जुन्या एन्व्हायर्न्मेंटकडे परतायचं नाही हे नक्की झाल्यावरच.