लो सोडियम मीठ: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रक्तदाबासाठी घरातलं मीठ बदलायचंच असेल, तर सैंधव नको, लो सोडियम मीठ घ्या. काही महिने रोजच्या स्वयंपाकात वापरून आमचं मत हेच झालं आहे. मात्र त्याला एक मोठी अट आहे, ती आधी वाचा.

या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग कमी करून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंडं धडधाकट असतील तर जादा पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. ती अधू असतील तर ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वाईट हे, की पुष्कळदा आधी काही जाणवतच नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं; स्पायरोनोलॅक्टोनने तर हमखास. म्हणजे ज्यांना हे मीठ हवंसं वाटतं, त्यांच्यापैकी बरेच जण नेमक्या याच गोळ्यांवर असतात. म्हणून डॉक्टरांना विचारून क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारी रक्ततपासणी) आणि सीरम पोटॅशियम, म्हणजे रक्तातलं पोटॅशियम, तपासा, मगच पाकीट फोडा. दोन ते चार आठवड्यांनी पोटॅशियम पुन्हा बघा. साधारण ३.५ ते ५ ही ठीक पातळी. आकडा अचानक जास्त आला तर डॉक्टरांना लगेच कळवा, पण नमुना नीट घेतला होता का हेही विचारा. रक्त काढताना मूठ सारखी आवळली-सोडली किंवा नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं. मूत्रपिंडाचा रुग्ण, गरोदर बाई किंवा लहान मुलं घरात असतील तर त्यांच्यासाठी हे मीठ नको. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ च्या शिफारशीत त्यांना वगळलं आहे. अशा घरात दोन बरण्या ठेवाव्या लागतात, आणि सगळ्यांची आमटी एकाच पातेल्यात होत असेल तर साधंच मीठ कमी घालणं सोपं पडतं.

आता सैंधवाचं. त्यात कितीतरी सूक्ष्म खनिजं आहेत म्हणून रक्तदाबाला चांगलं, असं सर्रास सांगितलं जातं. खनिजं असतात, खोटं नाही. पण ९७-९८ टक्के ते सोडियम क्लोराइडच आहे. दिवसाला ५ ग्रॅम सैंधव खाल्लं तर मॅग्नेशियम मिळतं काही मिलिग्रॅम, आणि मोठ्या माणसाची गरज असते तीन-चारशे मिलिग्रॅमची. रक्तदाबाशी थेट संबंध असलेली सोडियम-पोटॅशियम ही जोडी शरीराला सूक्ष्म नव्हे, ग्रॅमच्या हिशेबात लागते: सोडियम २ ग्रॅमच्या आत, पोटॅशियम ३.५ ग्रॅम. खरोखर सूक्ष्म मात्रेत लागतं ते आयोडीन, आणि साध्या सैंधवात ते घातलेलं नसतं. आयोडीन कमी पडून थायरॉइड मंदावलं तर रक्तदाबाचा खालचा आकडा वाढू शकतो. म्हणजे ज्यासाठी मीठ बदललं, त्याच्याच उलट. काळ्या मिठालाही हेच लागू. लो सोडियम घेतानाही पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलंय ना, ते बघा.

चवीचं बोलायचं तर पोटॅशियम क्लोराइडला मागून येणारा कडवटपणा असतो. बाजारात १५ टक्के आणि ३० टक्के कमी सोडियमची मिठं मिळतात. १५ टक्केवाल्यात तो कडवटपणा जवळपास कळत नाही. ३० टक्केवाल्यात जिथे मीठ कच्चं पडतं तिथे कळतो. ताक, काकडीची कोशिंबीर, उकडलेलं अंडं यांत जीभ लगेच पकडते. चिंच-गुळाची आमटी, उसळ, भरली वांगी, पोळीची कणीक यांत पत्ता लागत नाही. आंबट आणि गूळ दोन्ही त्याला झाकतात. ताकात जिरेपूड आणि आलं थोडं वाढवलं की भागतं. पहिले पंधरा दिवस साधं आणि हे अर्धं-अर्धं मिसळा, म्हणजे घरात कुरकुर होत नाही. वर्षाच्या लोणच्याला मात्र हे वापरू नका: तिथे मीठ भरपूर लागतं, कडवटपणाही तितकाच उतरतो.

सगळ्यात जास्त घात होतो तो हाताने. खारटपणा कमी लागतो म्हणून चिमूट वाढते. हिशेब करून बघा: ३० टक्के कमी सोडियमचं मीठ सव्वापट घातलं तर फायदा १२-१३ टक्क्यांवर येतो, आणि १.४ पट घातलं की संपलाच. १५ टक्केवाल्याला तर १.२ पटच पुरते. यावर एकच खात्रीचा उपाय, पाकिटावर फोडल्याची तारीख लिहायची. चार मोठ्या माणसांना एक किलो निदान दोन महिने पुरायला हवं. म्हणजे माणशी दिवसाला सुमारे ४ ग्रॅम, आणि पाव, फरसाण, पापड यांतलं मीठ वेगळंच. महिन्यात पाकीट संपत असेल तर ते कुठलं मीठ आहे याने फारसा फरक पडणार नाही. पानात डावीकडे मीठ वाढायची सवय असेल तर तिथे फक्त लिंबाची फोड ठेवा. आणि ढोकळ्यातला सोडा, पापडातला पापडखार, पोटात गॅस झाला म्हणून घेतलेली फसफसणारी पावडर, हेही सोडियमच.

परिणाम दिसतो का? दिसतो, पण माफक. चीनमधल्या ६०० गावांतल्या जवळपास २१ हजार लोकांवर झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. तिथे ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं होतं. वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ३ अंकांनी उतरला आणि पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. ते लोक पूर्वी पक्षाघात झालेले किंवा साठीपुढचे, वाढलेल्या रक्तदाबाचे होते, आणि गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना आधीच वगळलं होतं.

तीन अंकांचा फरक घरच्या यंत्रावर कळायचा तर मोजणी शिस्तीची हवी. चहानंतर अर्धा तास जाऊ द्या, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर आणि हृदयाच्या उंचीला. पट्टा दंडाला लहान असेल तर आकडा जास्त येतो. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, एकेका मिनिटाच्या अंतराने दोनदा, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरी १३५/८५ च्या वर सरासरी राहिली तर ती जास्तच. मीठ बदलायच्या आधीचा एक आठवडा असा लिहून ठेवला नसेल तर नंतर तुलना कशाशी करणार? आकडे उतरले तरी गोळी आपल्या मनाने कमी करू नका. दोन्ही आठवड्यांची वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि मीठ बदललंय हे त्यांना तोंडाने सांगा, कारण पुढची गोळी ठरवताना त्यांना ते माहीत असणं गरजेचं आहे.