मायएसक्यूएल ५.७ की ८.० : इंडेक्स लिहिताना काय बदलतं?

मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या दोन्ही आवृत्त्यांत इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्यासाठीची क्रमवार यादी) बांधणाऱ्या ‘क्रिएट इंडेक्स’ या आदेशाचा साधा सांगाडा सारखाच आहे, आणि फसगत नेमकी तिथेच होते. ५.७ मध्ये कॉलमच्या नावापुढे ‘डेस्क’ (DESC, म्हणजे उतरता क्रम) लिहिलं तर एररही येत नाही आणि वॉर्निंगही नाही. सर्व्हर तो शब्द वाचतो, सोडून देतो आणि चढत्या क्रमाचाच इंडेक्स बांधतो. एकाच कॉलमवर त्याने फारसं बिघडत नाही, कारण इंडेक्स उलटाही वाचता येतो. पण ग्राहक क्रमांक चढता आणि तारीख उतरती, असा मिश्र क्रम हवा असेल तर ५.७ ला वेगळं सॉर्टिंग करावंच लागतं. ८.० मध्ये तोच शब्द खराखुरा उतरता इंडेक्स देतो. माझ्या मते आवृत्ती बदलायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

दुसरा फरक एक्स्प्रेशनचा, म्हणजे कॉलमवरून काढलेल्या किमतीचा. लोअर(ईमेल) वर, म्हणजे लहान अक्षरांत बदललेल्या ईमेलवर, इंडेक्स हवा असेल तर ५.७ मध्ये आधी जनरेटेड कॉलम (दुसऱ्या कॉलमवरून सर्व्हर आपोआप काढतो तो) जोडा, मग त्यावर इंडेक्स. ८.०.१३ पासून थेट लिहिता येतं, मात्र एक्स्प्रेशनला स्वतःचा जादा कंस लागतो: ((लोअर(ईमेल))). तो राहिला की सिंटॅक्स एरर ठरलेली.

८.० मध्ये ‘इनव्हिजिबल’ही आहे. इंडेक्स काढून टाकण्याआधी तो ऑप्टिमायझरपासून (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागापासून) लपवून परिणाम पाहता येतो. प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारी मुख्य की) मात्र लपवता येत नाही. ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ (आधीपासून नसेल तरच बनव) क्रिएट इंडेक्ससोबत दोन्हीकडे चालत नाही. ते मारियाडीबीत (मायएसक्यूएलमधूनच निघालेल्या डेटाबेसमध्ये) चालतं, म्हणून तिथल्या स्क्रिप्ट इकडे आणताना जपून.